मदत हवी आहे: ओमाहाच्या एका डावाचा निवाडा आणि बारा जणांसाठी योग्य खेळ

नमस्कार. आमचे घर अमळनेरजवळच्या खेड्यात आहे. आखाजीला बहिणी माहेरी येतात, भाचरे जमतात आणि रस-पोळीची जेवणे आटोपली की ओट्यावर सतरंजी अंथरून पत्ते पिसले जातात. पैसे लावत नाही, चिंचोक्यांवर खेळतो. इतकी वर्षे तीन पत्तीच चालत असे. गेल्या वर्षी भाच्याने टेक्सास होल्डेम शिकवले. हातात दोन पाने, मध्ये सर्वांची सामाईक पाच, ती आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी उघडायची आणि या सातांतून कोणतीही उत्तम पाच निवडायची, एवढे माझ्या आईलाही तासाभरात जमले.

अडचण ओमाहा खेळताना आली, कारण त्यात प्रत्येकाला चार पाने मिळतात. मध्ये बदामाचा राजा, नव्वी, चौकी, दुर्री आणि इस्पिकची सत्ती होती. भाच्याकडे बदामाचा एक्का होता, दुसरे बदाम नव्हते. तरी पाच बदाम झाले असे म्हणून त्याने चिंचोके ओढून घेतले. मोठ्या वहिनींकडे किलवर आणि चौकट सत्ती होती, म्हणजे तीन सत्त्या झाल्या होत्या. त्या काही न बोलता पाने खाली ठेवून उठल्या, ते मला अजून लागून राहिले आहे. डाव त्यांचा असेल, तर यंदा सगळ्यांसमोर तसे सांगायचे आहे.

शिवाय यंदा आम्ही बारा जण आहोत. एकाच कॅटमध्ये सर्वांना कोणता प्रकार खेळता येईल? आणि छत्तीस पानी होल्डेममध्ये फ्लश (पाच बदामांसारखी एकाच चिन्हाची पाच पाने) हा फुल हाउसपेक्षा (तीन सारखी आणि दोन सारखी पाने) वरचढ का धरतात?

प्रतिसाद:
डाव वहिनींचाच होता. ओमाहात हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन पाने घ्यावी लागतात, त्यामुळे मध्ये चार बदाम असले तरी हातातल्या एकट्या एक्क्याने फ्लश होत नाही. होल्डेमची सवय असलेल्यांची हीच चूक सर्वांत जास्त होते.

बारा जणांत ओमाहा बसणार नाही, कारण ४८ पाने वाटल्यावर चारच उरतात आणि मध्ये पाच लागतात. आपण पाइनॅपल खेळा. त्यात तीन पाने मिळतात आणि मधली पहिली तीन उघडण्यापूर्वी एक टाकून द्यायचे असते. क्रेझी पाइनॅपलमध्ये ते पान त्या तीन पानांवरची बोली संपल्यावर टाकतात, आणि तोच प्रकार मला अधिक रंगतदार वाटतो, कारण काय ठेवायचे याचा विचार समोरची पाने पाहून करता येतो. वाटलेली ३६, मधली ५ आणि दर वेळी उघडण्यापूर्वी बाजूला झाकून ठेवायचे एक, अशी ३, मिळून ४४ पाने लागतात.

छत्तीस पानी खेळात दुर्रीपासून पंजीपर्यंतची पाने काढलेली असतात. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी प्रत्येकाची नऊच पाने उरतात, त्यामुळे फ्लश जुळणे फुल हाउसपेक्षा अवघड होते. तिथे एक्का, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी ही सलग ओळही चालते, हे वहिनींना आधीच सांगून ठेवा.