कॉलेजच्या मित्रमैत्रिणींच्या गावी, अनोळखी किनाऱ्यावर : तुमचे अनुभव लिहा

तलावपाळीकाठची :
काल भर दुपारी ठाणे स्टेशनवर भावाला सोडायला गेले होते आणि अनाउन्समेंट ऐकू आली, नेत्रावती एक्सप्रेस. पाय तिथेच थबकले. 2006 चा मे महिना, हीच गाडी, हेच स्टेशन आणि मी पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब निघालेली, कॉलेजच्या मैत्रिणीकडे अलेप्पीला. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले तर हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला गुंडाळली गेली. घामाची आपल्याला सवय आहे, पण तिथे सावलीतसुद्धा सुटका नाही, दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस दमटच.

ती तीन वर्षं नौपाड्यात पेइंग गेस्ट होती आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायची. आईच्या हातचं आमसुलाचं सार तिला एवढं आवडायचं की वाटीला तोंड लावून प्यायची. तर तिच्या घरी पहिल्याच रात्री तिच्या अम्मानं माझ्यापुढे एक वाटी ठेवली, काळपट, वर खोबरेल तेलाची फोडणी आणि धुराचा वास. हे काय असेल काही कळेना. मैत्रीण म्हणाली, पी ना, तुझ्या आईचं सार आहे. तिनं कृती सांगितली होती पण अम्माला कोकम कुठे मिळालं नाही, म्हणून कुडमपुळी घातली. ती आपल्या कोकमाचीच चुलत बहीण, पण धुरावर वाळवतात, म्हणून कोळशासारखी काळी होते. चव आमच्या साराच्या जवळपाससुद्धा नव्हती. अम्मा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, तिला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम, मी नुसती मान डोलावली आणि तिनं परत वाटी भरली. दोन वाट्या प्यायले. आजही तो वास कुठे आला की मला ती ट्यूबलाइट आणि अम्माचे ओले हात दिसतात.

नंतर सरकारी बोटीनं कुट्टनाडात गेलो. तिथली शेतं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. बांधावर उभं राहिलं की एका हाताला पाणी भरलेलं वर आणि दुसऱ्या हाताला खाचर खाली, कापणी होऊन गेलेली. मी खाचरात उतरले तर बोट माझ्या डोक्याच्या वरून गेल्यासारखी गेली. भूगोलात हॉलंडचं वाचलं होतं, आपल्याच देशात असं काही आहे हे तिच्यामुळे कळलं.

तुम्ही कुणाकडे गेला होतात? लिहा नक्की.

नेरुळकर :
कुडमपुळी नेरुळला मल्याळी दुकानात मिळते हो. पाव किलो आणली की वर्षभर पुरते. कोमट पाण्यात भिजवून मग माशाच्या कालवणात टाकायची, मातीच्या भांड्यात केलं तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. आमच्या बिल्डिंगमधल्या चेचीकडून, म्हणजे मल्याळी ताईंकडून शिकले.

पनवेलची सून :
नेत्रावती पनवेलला थांबते का कुणी सांगेल का, सासूबाईंना कुडाळला पाठवायचंय

नेरुळकर :
थांबते. रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होते, त्यामुळे तारीख बघून बसा. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात, ते आधी बघा.

खारघरचा बाबा :
माझा हॉस्टेलचा रूममेट तूतीकोरिनचा, म्हणजे आताचं तूत्तुकुडी. लग्नानंतर बायकोला घेऊन गेलो होतो ऑगस्टमध्ये. त्याचे वडील मिठागरावर होते, पहाटे पाचलाच सायकलवरून घेऊन गेले आम्हाला, कारण उन्ह चढलं की तिथे उभं राहवत नाही, खालून मीठ चमकतं आणि वरून सूर्य. लहानपणी उरणला मावशीकडे जायचो तेव्हा मिठागरं रोज बघितलेली, त्यामुळे नवीन काही दिसेल असं वाटलं नव्हतं. पण आपल्याकडे जूनचा पाऊस आला की मिठागर बंद, आणि तिथे भर ऑगस्टमध्ये कामं चालू! त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. काकांनी मला फावडं दिलं, मी दहा मिनिटं ओढलं आणि तळव्यांना चिरा पडल्या, मीठ आत गेलं. काकांचे पाय बघितले मग. टाचा पांढऱ्या, दगडासारख्या. त्या पैशावर रूममेट आमच्यासोबत इंजिनीअरिंगला होता आणि चार वर्षांत एकदाही घरचं काही बोलला नव्हता. मी त्या दिवशी त्याला काही बोलू शकलो नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला.

येताना मॅकरून दिले होते, तिथली खासियत, काजू आणि अंड्याचा पांढरा भाग, तोंडात टाकला की विरघळतो. अजूनही दिवाळीला एक डबा येतो.

तलावपाळीकाठची :
काका, टाचांचं वाचून गलबललं. काकांना नमस्कार सांगा.

खारघरचा बाबा :
सांगतो. 81 वर्षांचे आहेत, फोनवर अजून विचारतात पाऊस किती झाला.

घोडबंदरवाली :
बसमध्ये आहे, कापूरबावडीला अर्ध्या तासापासून हललेली नाही म्हणून लिहायला वेळ मिळाला. माझी मैत्रीण विशाखापट्टणमला, मिस्टर नेव्हीत. मे महिन्यात मुलांना घेऊन गेले. आरके बीचवर ती कुरसुरा पाणबुडी ठेवलीय ना, ती मुलांना बघायचीच होती, आतून एवढी अरुंद की मोठ्या माणसाला वाकूनच जावं लागतं. मैत्रिणीच्या सासूबाई म्हणाल्या होत्या अकरानंतर बाहेर पडू नका, आम्ही साडेबाराला बाहेर आलो आणि धाकट्याला चक्कर आली. वाळूवरच बसला. मैत्रिणीनं पदर भिजवून त्याच्या डोक्यावर धरला आणि त्याला तसाच उचलून रिक्षात टाकला, माझे हातपाय गळाले होते. घरी सासूबाईंनी मज्जिग दिलं, म्हणजे मीठ घातलेलं पातळ ताक, चमच्या चमच्यानं. संध्याकाळी पठ्ठ्या खेळायला लागला. तेव्हापासून बाहेर निघताना माझ्या पर्समध्ये मिठाची पुडी असतेच.
सुटली बस. बाय

पनवेलची सून :
ताई माझ्या मुलाला पण होतं असं. पीटीच्या तासाला. ताक देऊन बघते

घणसोलीची ताई :
मी फार लिहीत नाही कुठे. पण हे वाचून राहवलं नाही.

कण्णूरला गेले होते 2011 च्या फेब्रुवारीत. रात्रीसुद्धा हवा हलत नव्हती. पहाटे तीनला मैत्रिणीनं उठवलं, देवराईत थेय्यम होतं तिच्या कुळाचं, म्हणजे माणूस देवाचं रूप घेऊन नाचतो ते. मशालीच्या उजेडात लाल चेहरा, एवढा मोठा मुकुट, आणि ढोल असा की छातीत वाजतो. सगळे एकेक करून पुढे जात होते, तिनं मलाही ढकललं. त्या देवानं माझा हात दोन्ही हातांत धरला, हळद दिली आणि बराच वेळ काहीतरी बोलला, थेट माझ्या डोळ्यांत बघून. मला एक शब्द कळला नाही. मागे वळून बघितलं तर मैत्रिणीचे डोळे भरलेले. मी विचारलं काय म्हणाले, तर म्हणाली नंतर सांगते, निवांत.

मग दुपारी झोपलो, मग पाहुणे आले, मग माझी गाडी. फोनवर दोनदा विचारलं, म्हणायची समोर बसून सांगायचंय. ती 2019 मध्ये गेली. कॅन्सर.

नेरुळकर :
ताई

खारघरचा बाबा :
ताई, काय बोलू. ती हळद ठेवलीत का?

घणसोलीची ताई :
हो. कागदाच्या पुडीत, देवघरातल्या डबीत. रंग गेलाय थोडा.

घोडबंदरवाली :
घरी पोचले आणि हे वाचलं. ताई, वाशीला कधी आलात तर मला भेटा, मी दर शनिवारी माझ्या आईकडे असते. नुसतं बसू.

घणसोलीची ताई :
येईन गं.

पनवेलची सून :
सोलकढीला कुडमपुळी चालते का? घरात कोकम संपलंय आणि उद्या पाहुणे आहेत

नेरुळकर :
नको गं, गुलाबी रंग येणार नाही आणि धुराचा वास नारळाच्या दुधात अजिबात चांगला लागत नाही. समोरच्या काकूंकडून चार आमसुलं माग.

तलावपाळीकाठची :
सगळ्यांचं वाचत होते, मध्ये नळाला पाणी आलं म्हणून उठावं लागलं. घणसोलीच्या ताईंचं वाचल्यावर मी मोबाईल घेतला आणि मैत्रिणीला फोन लावला, दीड वर्षानं. म्हटलं काल स्टेशनवर तुझी गाडी होती. ती आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली थांब, अम्माला देते. अम्माला आता नीट ऐकू येत नाही. मोठ्यानं विचारलं त्यांनी, मैत्रिणीनं मराठीत सांगितलं, तेव्हा ते सार बरोबर झालं होतं का विचारतायत. मी म्हटलं, नव्हतं झालं, पण मी दोन वाट्या प्यायले होते हे सांग. पलीकडे दोघी हसायला लागल्या, अम्मा म्हणाल्या मग खरं कोकम पाठव, परत करते.

तर आता चांगलं आमसूल कुठे मिळेल? दुकानातलं नकोय, घरी वाळवलेलं. कुणी गावाहून येणार असेल तर सांगा ना.

पनवेलची सून :
अगं सासूबाई कुडाळला चालल्यात ना! महिनाअखेरीस परत येतायत, अर्धा किलो सांगते. मी ठाण्याला येते दर गुरुवारी, गोखले रोडला भेट.

तलावपाळीकाठची :
एक किलो सांग. अर्धा घणसोलीच्या ताईंना देऊ.