संपादनाविना रस्त्यात गेलेली जमीन

प्रश्न: १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला असताना, संपादनाविना (म्हणजे सरकारने कायदेशीर प्रक्रियेने ताब्यात न घेता) रस्त्यात गेलेल्या वडिलोपार्जित जमिनीसाठी न्यायालयात दाद मागता येते का?

उत्तर १: येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. त्यासाठी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारला आदेश देण्याची मागणी करणारा अर्ज) करता येते.

उत्तर २: हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये अशाच रीतीने रस्त्यासाठी जमीन गमावलेल्या वृद्ध विधवेला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये भरपाई देवविली. प्रतिकूल ताब्याने (म्हणजे मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध दीर्घकाळ उघड ताबा ठेवल्याने) आपणच मालक झालो, हा सरकारचा (खरे तर लाजिरवाणा) बचाव आणि विलंबाचा आक्षेप, दोन्ही फेटाळले गेले.

उत्तर ३: तरीही विलंब टाळावा. सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा आधी मिळवावा.