अनुभव धागा : हात एका झूमला सरावलेला, प्रोग्रॅम दुसराच

चित्रं आणि डिझाइन करायच्या प्रोग्रॅममध्ये माउसचं चाक फिरवलं की चित्र जवळ यावं, एवढीच अपेक्षा असते. क्रिटात नुसतं चाक पुरतं. इंकस्केप आणि गिंपमध्ये कंट्रोल धरावं लागतं. फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये ऑल्ट, तिथे सवयीने कंट्रोल धरलं तर पान आडवं सरकतं. रोज दोन-तीन प्रोग्रॅममध्ये ये-जा करणाऱ्यांनो, तुमचा हात कुठे अडतो आणि त्यावर काय तोड काढलीत ते लिहा. बारीकसारीक असलं तरी चालेल.

*

मी बरीच वर्षं कोरलड्रॉवर. एफ२ म्हणजे जवळ, एफ३ म्हणजे लांब, एफ४ म्हणजे सगळं काम एका नजरेत, हे बोटांत मुरलेलं. इलस्ट्रेटरवर आलो, लोगो निवडलेला होता, एफ२ दाबलं आणि लोगो नाहीसा. विंडोजवर तिथे एफ२ म्हणजे कट, एफ३ कॉपी, एफ४ पेस्ट! घाबरून एफ४ दाबलं तेव्हा लोगो परत आला खरा, पण मूळ जागी नाही, खिडकीच्या मधोमध. मी तो अंदाजाने जागेवर सरकवला. थोडासा फरक राहिला होता, तो छापील प्रूफवर दिसला. तेव्हापासून काही अनपेक्षित घडलं की आधी कंट्रोल-झेड, दुसरी कुठलीही कळ नंतर.

*

माझंही असंच, फक्त आकड्यांचं. इंकस्केपमध्ये ३ दाबलं की निवडलेली वस्तू, ४ ला पूर्ण चित्र, ५ ला पूर्ण पान. फार सुंदर सोय आहे ती. फोटोशॉपमध्ये मूव्ह टूल हातात असताना ५ दाबलं, तर लेयरची, म्हणजे चित्रातल्या त्या थराची, अपारदर्शकता ५०% झाली. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फिकट राखाडी लेयर होता, म्हणून अर्धा तास कळलंच नाही.

*

मला चाकापेक्षा १००% हा आकडा जास्त त्रास देतो. फोटोशॉपमध्ये १००% म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. कागदावरच्या मापाशी त्याचा संबंध नाही. ९० मिमी रुंदीचं कार्ड ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) १०६३ पिक्सेलचं होतं. इंचाला ९६ पिक्सेल असलेल्या मॉनिटरवर ते १००% ला सुमारे २८ सेमी रुंद दिसतं, म्हणजे तिपटीहून मोठं. मी ५ पॉइंटच्या बारीक अक्षरांतला पत्ता तसाच पाहून पसंत केला. छापून आल्यावर तो वाचताच येईना, आणि सगळी कार्डं पुन्हा छापावी लागली. चूक माझीच, पण त्या आकड्यावर माझा विश्वास होता.

इंकस्केपमध्ये खरी पट्टी पडद्यावर ठेवून झूमचं माप जुळवता येतं. एकदा पाच मिनिटं द्या, मग १००% म्हणजे हातात धरलेल्या कागदाएवढं. गिंपमध्ये ‘डॉट फॉर डॉट’ बंद केलं की चित्र छापील मापाच्या हिशेबाने दिसतं. मजकूर बारीक असेल तर मी आता तरीही साध्या प्रिंटरवर एक प्रत काढतेच.

*

कंट्रोल-शून्य. ब्राउझरमध्ये १००%. फोटोशॉपमध्ये पूर्ण चित्र खिडकीत मावतं, १००% साठी कंट्रोल-१. आणि फोटोशॉपच्या २००८ च्या सीएस४ आवृत्तीआधी शिकलेल्यांना आठवत असेल, आरजीबी (लाल-हिरवा-निळा) चित्रात कंट्रोल-१ दाबलं की लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा भाग दिसायचा. माझं बोट अजून तिथे क्षणभर थबकतं.

*

मी शिकवतो. झेड दाबल्यावर भिंग येतं, हे बहुतेक ठिकाणी सारखं. पण लांब जायला फोटोशॉपमध्ये ऑल्ट धरून क्लिक, गिंपमध्ये कंट्रोल, इंकस्केपमध्ये शिफ्ट. मुलं इथेच बिचकतात, आणि प्रोग्रॅम अवघड आहे असं समजून बसतात. म्हणून पहिल्या दिवशी मी रंग, ब्रश, लेयर काहीच काढत नाही. एक मोठं चित्र देतो आणि फक्त फिरायला लावतो: चेहऱ्यावरून डोळ्यात, डोळ्यातून बाहेर, खालच्या कोपऱ्यात, पुन्हा पूर्ण चित्र. कळांकडे न बघता जमलं की प्रोग्रॅम बदलायचा आणि तेच चित्र तिथे उघडायचं.