मधुमेहाच्या गोळ्या, आठवड्याचं इंजेक्शन आणि पाळी गेल्यानंतरचे हार्मोन: तिन्ही एकदम, आणि रात्री घाम

पानगळ

मावशीसाठी विचारतोय. वय ५१, उंची १५४ सेंमी, वजन ८४ किलो. शेवटची पाळी १४ महिन्यांपूर्वी, गर्भाशय काढलेलं नाही. त्याआधी दीड-दोन वर्षं अंगावरून खूप जायचं. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ०.८, हिमोग्लोबिन १०.४.

मधुमेहाच्या डॉक्टरांची औषधं: ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर (हळूहळू सुटणारं) यांची एकत्र गोळी सकाळ-रात्र, सिटाग्लिप्टिन १०० दुपारी. परवा त्यात तिर्झेपाटाइड (साखर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन) २.५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा असं पेन वाढवलंय, अजून सुरू केलेलं नाही.
स्त्रीरोगतज्ज्ञांची औषधं: इस्ट्राडायॉल व्हॅलरेट १ मिग्रॅ सकाळी, मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० मिग्रॅ रात्री.

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांचे कागद पाहिलेले नाहीत. हार्मोन सुरू करूनही पहाटे तीनच्या सुमारास घामानं गाऊन भिजतो, तो का? एवढ्या औषधांतलं काही कमी होऊ शकतं का? आणि मावशी एकादशी सोडणार नाही, हे धरून सांगा.

---

औषधवाला

आधी घाम. तो पाळी गेल्याचा आहे असं धरून चालू नका. रात्रीच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे आणि त्याचा परिणाम चोवीस तासांच्या आसपास टिकतो. सकाळ-रात्र मिळून ४ मिग्रॅ पोटात जातंय. जेवण थोडं कमी झालं, की पहाटे साखर खाली जाऊ शकते. हार्मोन घेऊनही घाम थांबत नाही, म्हणजे हार्मोनचा डोस वाढवा, असा निष्कर्ष काढण्याआधी ग्लुकोमीटर उशाशी ठेवा.

दोन्ही घामांत फरक असतो. पाळीच्या झळा छाती-मानेकडून तोंडावर चढतात, अंग गरम आणि लाल होतं, काही मिनिटांत ओसरतं, मग उलट थंडी वाजते. साखर उतरल्याचा घाम गार असतो. हात थरथरतात, छातीत धडधडतं, भूक लागते, बोलणं गोंधळतं, आणि खाल्ल्याशिवाय ते आवरत नाही. पण पहाटे तीनला अर्धवट झोपेत हा फरक कोणालाही नीट सांगता येत नाही, म्हणून मोजायचं. हात साबणानं धुऊन, कोरडे करूनच टोचा; बोटाला आंबा किंवा साखर लागलेली असली की आकडा खोटा वर जातो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या दमट होतात, तेव्हाही आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

७० च्या खाली आलं तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्यायची. पेढा, चॉकलेट, शेंगदाण्याचा लाडू नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढंच परत. वर आली की अर्धी भाकरी किंवा पोळी खायला द्या, कारण ग्लिमेपिराइड पुन्हा साखर खाली ओढू शकतं. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

तीन-चार रात्रींचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या. नुसतं 'घाम येतो' सांगण्यापेक्षा त्यांना त्या वहीचा उपयोग जास्त होईल.

---

चिमटा

औषधवाल्यांना दुजोरा. आता यादीकडे बघू.

सिटाग्लिप्टिन आणि तिर्झेपाटाइड एकत्र ठेवण्यात अर्थ नाही. सिटाग्लिप्टिन शरीरातलंच जीएलपी-१ (साखर आवरणारं आतड्यातलं हार्मोन) मोडू देत नाही. इंजेक्शन त्या हार्मोनच्या पेशींवरच्या रिसेप्टरांवर थेट आणि कितीतरी जोरात काम करतं. पहिल्याची भर जवळपास शून्य, पैसे मात्र जातात. पेन सुरू होताना ही गोळी बंद करण्याबद्दल विचारा.

ग्लिमेपिराइडचं प्रकरण जास्त नाजूक. तिर्झेपाटाइड एकट्यानं साखर फारशी घसरवत नाही, पण सल्फोनिलयुरिया (ग्लिमेपिराइडच्या वर्गातली औषधं) किंवा इन्सुलिनसोबत घसरवतं. म्हणून सुरुवातीलाच ग्लिमेपिराइड कमी करतात, कधी बंदच. खरी अडचण एकत्र गोळीची आहे. अर्धी करून डोस कमी करता येत नाही, कारण त्यातला मेटफॉर्मिनचा भाग हळूहळू सुटणारा असतो. तोडला की ते औषध एकदम सुटतं. आणि गोळीच बंद केली तर मेटफॉर्मिनही बंद पडतं. डॉक्टरांना सरळ म्हणा की दोन्ही वेगवेगळ्या गोळ्या लिहून द्या. (पाकिटावरच्या नावात 'एम' आहे का तेही बघत चला. बहुतेक ब्रँडमध्ये त्याचा अर्थ मेटफॉर्मिन असतो. दोन दुकानांतून दोन नावांनी आणलेल्या गोळ्यांतून तेच औषध दुप्पट जाणं फार नेहमीचं आहे.)

मेटफॉर्मिन सध्या दिवसाला १००० मिग्रॅ आहे. क्रिएटिनिन ०.८ असेल तर २००० पर्यंत जागा आहे, पण पेनच्या बरोबरीनं ते वाढवू नका. मळमळ आणि जुलाब दोन्हींनी होतात. एकदम केलं तर कोणामुळे झालं ते कळणार नाही, आणि मग बहुधा चांगलं औषध सोडून दिलं जातं. एसआर गोळीचं रिकामं टरफल शौचात दिसलं तर घाबरू नका, औषध आत गेलेलं असतं. जास्त वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ तपासा, त्यानं ते कमी होऊ शकतं. पायाच्या मुंग्या मधुमेहाच्याच आहेत असं मानून ते राहून जातं.

अजून एक. खूप अंगावरून जात होतं आणि हिमोग्लोबिन १०.४, तेव्हा लोहाची कमतरता असणार असं वाटतं. लोह कमी असलं की एचबीए१सी आहे त्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या, आणि ८.१ वर डोस ठरवण्याआधी उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे घरचे आकडे जुळतात का बघा. जुळले नाहीत तर नुसत्या एचबीए१सीच्या मागे लागून गोळ्या वाढवण्यातूनच पहाटेचा घाम येत असेल.

एकादशी: ग्लिमेपिराइड जेवणाशी बांधलेलं आहे. जेवण नाही तर ती गोळी नाही, पण हे डॉक्टरांकडून त्या दिवसापुरतं लिहून घ्या. निर्जळी नकोच. खिचडीतला साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. साखर दोन तासांत चढते आणि संध्याकाळी उपाशी राहिलं की गोळीमुळे उतरते. त्याऐवजी भगर थोडी, दाण्याची आमटी, दही, ताक.

---

हिरवा_चाफा

स्त्रीरोगाच्या बाजूनं लिहिते.

गर्भाशय असताना इस्ट्रोजेनबरोबर (मावशींचं इस्ट्राडायॉल हे तेच) प्रोजेस्टेरॉन लागतंच. नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. ज्यांचं गर्भाशय काढलंय त्यांना प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. आपल्याकडे कमी वयात गर्भाशय काढलेल्या बायका पुष्कळ आहेत (बीडच्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला होता), म्हणून शेजारणीची चिठ्ठी बघून स्वतःची गोळी ठरवू नये.

प्रोजेस्टेरॉन रात्री देतात कारण त्यानं गुंगी येते. सकाळी घेतलं तर दिवसभर जड वाटतं, मग बायका तेवढीच कॅप्सूल सोडतात आणि इस्ट्रोजेन चालू ठेवतात, कारण झळा त्यानंच थांबतात. या सगळ्या उपचारातली ही सर्वांत वाईट चूक.

आता पेनशी संबंध. तिर्झेपाटाइडनं जठर हळू रिकामं होतं, विशेषतः पहिल्या चार आठवड्यांत आणि प्रत्येक डोसवाढीनंतर. गर्भनिरोधक गोळ्यांचं शोषण त्यामुळे कमी होतं हे माहीत आहे, आणि त्या काळात दुसरं साधनही वापरायला सांगतात. तोंडानं घेतलेल्या प्रोजेस्टेरॉनचंही तसंच होऊ शकतं, म्हणून ब्रिटिश मेनोपॉज सोसायटीनं २०२५ मध्ये यावर मार्गदर्शन दिलं: इस्ट्रोजेन त्वचेवाटे घेतलं तर प्रश्नच नाही, प्रोजेस्टेरॉनसाठी लेव्होनॉर्जेस्ट्रेलची (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) गर्भाशयात बसवायची तांबी-सारखी वस्तू, नाहीतर त्या चार-चार आठवड्यांत तोंडाचा डोस वाढवण्याचा विचार. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा, पण त्यांना पेनबद्दल माहीतच नसेल तर ते काय ठरवणार?

मावशींच्या बाबतीत त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या जेलकडे वळण्याला आणखी एक कारण आहे. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३५ च्या वर आणि त्यात मधुमेह. तोंडानं घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि रक्ताच्या गाठीचा धोका वाढवतं, त्वचेवाटे नेहमीच्या डोसात तो वाढताना दिसत नाही. जेल दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर, धुतलेल्या कोरड्या कातडीवर लावायचं. छातीवर नाही. पाच मिनिटं वाळू द्या, तासभर आंघोळ नको, आणि ती जागा नातवंडांना चिकटू देऊ नका.

हार्मोननं स्तनाचा कर्करोग वाढतो असं सांगणाऱ्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासाची भीती अजून आहे, म्हणून थोडं. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषधंही वेगळी होती: घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन. स्तनाच्या कर्करोगाची वाढ दर वर्षी १०,००० बायकांमागे साधारण ८ इतकी. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर हिशेब बराच वेगळा निघतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गाठ, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर मात्र हार्मोन नाहीत. मग झळांसाठी व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन असे हार्मोन नसलेले पर्याय. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगाची गोळी) चालू असताना झळांसाठी पॅरॉक्सेटिन टाळतात, ते टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतं.

---

औषधवाला

पेनबद्दल राहिलं. २.५ मिग्रॅ हा उपचाराचा डोस नाही, पोटाला सवय लावायचा आहे. चार आठवडे तो, मग ५. त्यापुढे २.५ नं वाढ, प्रत्येक पायरीवर निदान चार आठवडे, कमाल १५. पहिल्या महिन्यात वजन हललं नाही म्हणून स्वतःहून वाढवलं की उलट्या ठरलेल्या.

एका पेनमध्ये चार डोस. दर वेळी नवी सुई, दर वेळी आधी थेंब काढून बघायचा. बेंबीपासून पाच सेंटीमीटर दूर पोटावर किंवा मांडीवर, जागा बदलत. बटण दाबून आकडा शून्यावर आल्यावर हळू पाच मोजा, मग सुई काढा. घाई केली की थेंब बाहेर गळतो आणि लोकांना वाटतं पेन खराब आहे. चार डोसांनंतर पेनमध्ये थोडं औषध उरलेलं दिसतं. ते सिरिंजनं ओढून पाचवा डोस करू नका.

न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही, गोठलेलं फेकायचं. वापरात आल्यावर ३० अंशांखाली ३० दिवस. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत घरातही ३० च्या वर जातं, तेव्हा चालू पेनही फ्रिजमध्येच बरं. डोस चुकला तर चार दिवसांच्या आत घ्या, त्यापुढे गेला तर सोडून ठरलेल्या वारी पुढचा. दोन डोसांत किमान तीन दिवसांचं अंतर हवं.

सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. साखर झपाट्यानं उतरली की जुना रेटिनाचा त्रास काही काळ वाढू शकतो. घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कर्करोग (थायरॉइडच्या कर्करोगाचा एक विरळ प्रकार) होता का ते डॉक्टरांना सांगा, असेल तर हे औषध नाही. पोटात कळ येऊन पाठीत गेली आणि उलट्या थांबेनात तर पुढचा डोस न घेता तातडीनं दवाखाना, स्वादुपिंडाची सूज असू शकते. पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनबद्दल आधीच सांगा. उपाशी असूनही जठरात अन्न असू शकतं.

---

चिमटा

वजनाची अपेक्षाही माफक ठेवा. मधुमेह असलेल्यांवरच्या चाचणीत ७२ आठवड्यांत सरासरी घट १० मिग्रॅवर १२.८ टक्के आणि १५ मिग्रॅवर १४.७ टक्के होती. मधुमेह नसलेल्यांत ती वीसच्या आसपास गेली. ८४ किलोवर म्हणजे दहा-बारा किलो. थांबवलं की बरंचसं परत येतं. वजनाबरोबर स्नायूही जातात, आणि पाळी गेल्यावर हाडं तशीही झिजायला लागतात, त्यामुळे भूक मेली म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणं मावशींना महागात पडेल. ताटात आधी अंडं, दही, डाळ, पनीर, मग भात. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, इतकं तरी हवं.

---

पानगळ

सगळ्यांचे आभार. काल रात्री मोजलं, पहाटे ३:१० ला ६१. साखर-पाणी दिलं, वीस मिनिटांत ९४. आजच डॉक्टरांना फोन केला, रात्रीची गोळी बदलून देतायत.

हिरवा_चाफा ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून मावशीला विचारलं. कॅप्सूलनं सकाळी डोकं जड होतं म्हणून दोन महिने तिनं ती घेतलीच नाही, इस्ट्राडायॉल मात्र रोज. आता काय?

---

हिरवा_चाफा

राहिलेल्या कॅप्सूल एकदम घेऊन भरपाई करायला जाऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना 'दोन महिने नुसतं इस्ट्रोजेन' असं याच शब्दांत सांगा. ते बहुधा योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतील आणि गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतील. तोवर इस्ट्राडायॉल चालू ठेवायचं की थांबवायचं हे त्यांना फोनवरच विचारा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. मधल्या काळात थेंबभरही रक्त दिसलं तर तारीख आणि किती ते लिहून ठेवा. प्रोजेस्टेरॉन पुन्हा सुरू झाल्यावर थोडा रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे वेगळं सांगता यायला हवं. डोकं जड होण्याबद्दल: कॅप्सूल अगदी अंथरुणावर पडताना घ्यायची, जेवणाबरोबर नाही, जेवणाबरोबर घेतली की शोषण वाढतं आणि गुंगीही. तरीही जमलं नाही तर गर्भाशयात बसवायच्या साधनाबद्दल त्याच भेटीत विचारा, म्हणजे पेनचा प्रश्नही त्यातच मिटेल.