मदत हवी आहे: लॅपटॉपवर ‘पोलिसांनी संगणक बंद केला’ असा पडदा, सासऱ्यांनी एटीएम कार्डाची माहिती भरली

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. यजमान पुण्याला कामाला असतात. घरी सासू-सासरे, मी आणि आठवीतली मुलगी. घरचा लॅपटॉप जुना, विंडोज १० चा आहे आणि इंटरनेट माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतो. सातबारा काढणे, पीक विम्याचा अर्ज भरणे आणि मुलीचा अभ्यास, एवढ्यासाठीच तो वापरला जातो.

शनिवारी दुपारी मी कापूस वेचणीच्या बायांसोबत शेतात होते. मामाजी नातीला जवळ बसवून कापसाचे भाव पाहत होते. कोणत्या तरी जाहिरातीवर क्लिक झाले आणि सगळा पडदा व्यापणारे एक पान उघडले. वर अशोकस्तंभ, खाली इंग्रजी मजकूर, आणि शेजारच्या घरापर्यंत जाईल असा सायरन. या संगणकावर अश्लील चित्रफिती पाहिल्यामुळे पोलिसांनी तो बंद केला आहे आणि सहा तासांत २९,००० रुपये कार्डाने भरले नाहीत तर अटक होईल, असे त्यात लिहिले होते. मामाजींना इंग्रजी येत नाही, त्यामुळे तो मजकूर नातीने वाचून मराठीत सांगितला. म्हणजे असा आरोप त्यांना तेरा वर्षांच्या नातीच्या तोंडून ऐकावा लागला. त्यांनी काही न बोलता पेटीतले एटीएम कार्ड आणून तिच्या हातात दिले. तिने क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. पुढे नुसते चाक फिरत राहिले, ओटीपी आला नाही आणि पैसे कापल्याचा संदेशही अजून आलेला नाही.

मी घरी येताच बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला. संध्याकाळी सुरू केला तेव्हा आधी सर्व ठीक दिसले, पण थोड्या वेळाने तेच पान सायरनसह परत आले.

लॅपटॉपमध्ये काही शिरले आहे का, आणि बँक सोमवारपर्यंत बंद असताना कार्डाचे काय करावे, हे मला विचारायचे आहे. पण त्याहून मोठी काळजी मामाजींची आहे. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की ते दचकून उठतात आणि त्यांनी पिशवीत दोन कपडे भरून ठेवले आहेत. सून म्हणून या विषयावर त्यांच्याशी बोलणे मला फार अवघड जाते. हे खोटे आहे असे मी म्हटले, पण का खोटे आहे ते मला नीट सांगता आले नाही.

प्रतिसाद

ताई, सर्वांत आधी कार्ड. सोमवारची वाट पाहू नका. कार्डाच्या मागे बँकेचा क्रमांक असतो, त्यावर फोन करून कार्ड आत्ताच बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. परदेशी संकेतस्थळावर काही वेळा ओटीपीशिवायही पैसे कापले जातात, म्हणून ओटीपी आला नाही यावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे असते, त्यामुळे कळवल्याची वेळ महत्त्वाची आहे. त्यानंतर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावरही नोंद करा.

लॅपटॉपविषयी एकच गोष्ट तपासा: तो पडदा विंडोज सुरू होताच दिसतो की ब्राउझर उघडल्यावर? तुमच्या वर्णनावरून दुसरी शक्यता अधिक वाटते. तसे असेल तर हे नुसते संकेतस्थळाचे पान आहे आणि ब्राउझर आधीची पाने पुन्हा उघडतो म्हणून ते परत येते. हॉटस्पॉट बंद ठेवून ब्राउझर उघडा आणि ते पान बंद करा. पडदा अडकलाच तर एस्केप कळ काही क्षण दाबून धरा. तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू का असे विचारले तर नकार द्या. मग ब्राउझरमधील साठलेली माहिती पुसा आणि अनोळखी संकेतस्थळांना सूचना (नोटिफिकेशन) पाठवण्याची दिलेली परवानगी काढून टाका. शेवटी विंडोज डिफेंडर या विंडोजमधल्याच व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामचे ऑफलाइन स्कॅन लावा. त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात.

ब्राउझर न उघडताही पडदा आला, तर मात्र तो आत बसलेला प्रोग्राम समजा. २०१२ च्या सुमारास युरोपात रेव्हेटॉन नावाचा असाच पोलिसी पडदा पसरला होता. अशा वेळी सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेच्या प्रोग्रामांसह सुरू करून, स्कॅन करावे लागते. विंडोज १० ला नेहमी मिळणाऱ्या मोफत सुरक्षा सुधारणा (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या आहेत, तेव्हा त्याचाही विचार करून ठेवा.

मामाजींना इतकेच सांगा, की ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाला हाच आरोप दिसतो. समोर बसलेल्याने काय पाहिले आणि काय नाही, हे त्या पानाला माहीतही नसते. अशा गुन्ह्यात दंड ठोठावणे हे न्यायालयाचे काम आहे. पडद्याला कुलूप लावून कार्डाने पैसे घेणे ही पोलिसांची पद्धत नाही. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरूनसुद्धा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. कार्ड बंद केले, पैसे गेलेले नाहीत आणि १९३० वर नोंदही झाली. पडदा ब्राउझर उघडल्यावरच येत होता. हॉटस्पॉट बंद ठेवून पान बंद केले, त्यानंतर दोनदा लॅपटॉप सुरू करून पाहिला, ते परत आले नाही. सूचनांच्या परवानगीत तीन अनोळखी नावे सापडली, ती काढली.

तुमचे उत्तर मी मुलीलाच आजोबांना वाचून दाखवायला सांगितले. प्रत्येकाला हाच आरोप दिसतो, हे वाक्य त्यांनी तिला दोनदा वाचायला लावले आणि त्यानंतर ती कपड्यांची पिशवी स्वतःच रिकामी केली. मुलगी आपल्याच हातून आकडे भरले गेले म्हणून रडत होती. तिलाही त्यांनीच जवळ घेतले.

सोमवारी नव्या कार्डासाठी बँकेत जाऊ. मामाजी कार्ड फक्त दारव्ह्याच्या एटीएमवर वापरतात, म्हणून त्यावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंदच ठेवायला सांगणार आहे. लॅपटॉपची बॅटरी टिकत नाही. आज रात्री लाईन आली की स्कॅन लावते आणि काय निघाले ते इथे कळवते.