हौशी आणि व्यावसायिक सायकलपटूंत खरा फरक कशाचा?

घाटवेडा (धागाकर्ता)
दहा वर्षं हौशी शर्यतींत उतरतोय. पायांची ताकद वॉटमध्ये मोजणारं पॉवर मीटर आहे, सराव नेमाने होतो. ताज्या पायांनी वीस मिनिटं मी वजनाच्या किलोमागे साडेचार वॉट काढतो. जगातले अव्वल चढाईवाले सहाच्या आसपास जातात. चर्चा नेहमी याच दोन आकड्यांवर येऊन अडते आणि मला ते पटत नाही. माझे साडेचार पहिल्या तासातले असतात. चार तास सायकल हाणल्यावर हेच पाय पावणेचारसुद्धा देत नाहीत. त्यांचे सहा मात्र पाचव्या तासाला, शेवटच्या घाटात निघतात! वर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टूर द फ्रान्समध्ये २१ टप्पे आणि विश्रांतीचे दिवस फक्त दोन. दमल्यानंतर अंगात किती उरतं, फरक तिथे आहे. आणि ते उरणं वर्षानुवर्षं पायांखालून गेलेल्या किलोमीटरांनी येतं, असं माझं ठाम मत आहे.

उपजत
साफ असहमत. किलोमीटर तर तुम्हीही दहा वर्षं घातलेत, मग? शरीर जन्माला येतानाच ठरतं. प्रिमोझ रोग्लिच आधी स्की जंपिंग करायचा, विशीत सायकलकडे वळला आणि व्हुएल्टा, म्हणजे टूरसारखीच स्पेनमधली शर्यत, चार वेळा जिंकला. जय वाइनला तर घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, झालेल्या स्पर्धेतून व्यावसायिक संघाचा करार मिळाला आणि २०२२ च्या व्हुएल्टात त्याने दोन टप्पे मारले. इंजिन आधीपासून होतं, शोध उशिरा लागला एवढंच.

घाटवेडा
वाइन त्याआधीही ऑस्ट्रेलियात शर्यती करत होता, आणि रोग्लिचचं शरीर लहानपणापासून खेळात तयार झालेलं. इंजिन लागतंच, नाही कोण म्हणतं? पण नुसतं इंजिन असलेले हौशी मी पाहिलेत. तिसऱ्या तासाला त्यांचा चेहरा बघा.

एकांडी
तुम्ही दोघेही ॲना किसेनहोफरला विसरलात. टोकियो ऑलिंपिकची रोड रेस, जुलै २०२१, १३७ किमी. ऑस्ट्रियाची ही गणितज्ञ, हाती कुठल्याही व्यावसायिक संघाचा करार नाही. सुरुवातीलाच निसटली, शेवटचे सुमारे ४१ किमी एकटीने काढले आणि सुवर्णपदक घेऊन गेली. मागे नेदरलँड्सचा सर्वांत तगडा संघ होता. त्या संघातली ॲनेमिक फान फ्लोयटन दुसरी आली तेव्हा आपणच जिंकलो असं समजून तिने हात उंचावले होते. मग सांगा, करार म्हणजे काय?

उपजत
ऑलिंपिकमध्ये सायकलपटूंच्या कानात संघाशी बोलायचा रेडिओ नसतो, पुढे कोण आहे हे घोळक्याला कळलंच नाही. एका दिवसाचा अंदाज चुकला म्हणून नियम बदलत नाही.

एकांडी
अंदाज चुकला हे मान्य. पण मागच्यांच्या चुकीने ४१ किमी पायडल फिरत नाहीत.

दुपारची झोप
मी नोकरी सोडून एक पूर्ण मोसम याला दिला होता, म्हणून लिहितोय. आठवड्याला दहा तासांवरून बावीस तासांवर गेलो. पहिले दोन महिने फरक सायकलवर दिसलाच नाही, झोपेत दिसला. सराव, जेवण, झोप, पुन्हा जेवण. नोकरी करताना मी सराव संपवून धावत सुटायचो, पाय सावरायला वेळच मिळायचा नाही. व्यावसायिकाला पडून राहण्याचेसुद्धा पैसे मिळतात, आणि ते पडून राहणं हे त्याचं कामच असतं.

दुसरं, खाणं. आता ताशी ९० ग्रॅम आणि त्याहून जास्त कर्बोदकं शर्यत चालू असताना पोटात ढकलतात. मला आधी ६० ग्रॅमलाच मळमळायचं. पोटालाही सराव द्यावा लागतो, महिनोन् महिने. घाटवेडा, तुमचे पाय चौथ्या तासाला संपतात की टाकी रिकामी होते, हे आधी तपासा.

आणि घोळक्यात जागा धरणं! खांद्याला खांदा लावून, पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, ओल्या उतारावर. मोसमभर माझी निम्मी ताकद मागे पडून पुन्हा गाठण्यात गेली. तेवढेच वॉट असलेली मुलं पुढे वाऱ्याआड निवांत बसलेली असायची.

घाटवेडा
खाण्याचा मुद्दा वर्मी लागला. मी तासाला जेमतेम ४० ग्रॅम घेतो. पुढच्या दोन रविवारी तोच मार्ग, तोच वेग, एकदा ४० आणि एकदा ६० ग्रॅम, आणि चार तासांनंतर वीस मिनिटांची चाचणी. आकडे इथेच टाकतो, माझ्या मताविरुद्ध गेले तरी.

उपजत
टाका. पण साडेचार ओलांडले नाहीत तर माझं उत्तर तेच राहील.