दाजीपूर, आंबोली, तिलारी: आम्ही दोघं आणि एक तंबू, चार दिवसांत जमेल का?

सायली_कळंबा
नमस्कार मंडळी. लग्नाला तीन वर्षं झाली, दोघांची रजा एकत्र जुळायची ही पहिलीच वेळ. नोव्हेंबरात चार दिवस, घरची वॅगनआर. राधानगरी, दाजीपूर, आंबोली, तिलारी आणि येताना चांदोली असा बेत आहे. हॉटेल नको, जुन्या जंगलात तंबू ठोकून राहायचंय. सासूबाई म्हणतात, गव्यांच्या पुढ्यात झोपायला चाललाय. तंबू नेमका कुठं लावायचा?

घाटवाट
ताई, चांदोली 'येताना' लागत नाही ओ. आंबोली दक्षिणेला, चांदोली उत्तरेला. नकाशा उलटा धरलाय काय?

मंगळवारपेठ_मावशी
सायली, गेल्या साली मी आणि आमचे हे असंच गेलतो. हे साठीचे, मी छप्पन्नचा. (बाहेरगावच्यांनी हसू नये, कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात.)

तंबूचं आधी. अभयारण्यात आपला तंबू ठोकता येत नाही. वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री आत थांबायचं नाही, आणि शेकोटीचं तर नावच नको. आम्हीही मोठ्या हौसेनं नेलता. फाटकावरच्या गार्डनं डिकीत बघितलं आणि म्हणाला, "काकू, हा कुणाच्यातरी अंगणात लावा." मग गावातल्या एका घरी विचारून मळणीच्या खळ्याशेजारी लावला. ह्यांनी थंडी नको म्हणून सगळ्या चेनी बंद केल्या, पहाटे आतून पाणी टपकायला लागलं. त्यात रात्रभर शेतावर राखणीची माणसं गवे हाकलायला डबे बडवत होती. दोन वाजता मी उशी घेऊन गाडीत जाऊन बसलो. हे घोरत होते.

पण सकाळी गाईडबरोबर आत चाललो ते विसरणार नाही. दाजीपूर म्हणजे पूर्वी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान, 1958 पासून गव्यांसाठी राखलेलं. आता राधानगरी अभयारण्य म्हणतात, 351 चौरस किलोमीटर. 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्या यादीत हेही आहे. तू सिनेमातल्यासारखी गगनाला भिडलेली झाडं शोधायला जाशील, तशी घाटमाथ्यावर नाहीत. वारा जबर आणि जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यामुळं अंजनी, जांभूळ वयानं मोठी असून खुजी राहतात, फांद्या वेड्यावाकड्या. उंच झाडं बघायची तर देवराईत. तिथं मांडीएवढी जाड गारंबीची वेल वर चढलेली बघितली, शेंगा हातभर लांब. आमच्या ह्यांनी तिला टेकून फोटो काढला तर गाईड रागावला. देवीच्या राईतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, म्हणून तर ती राई उरलीय.

गवा एकटा दिसला तर जास्त सांभाळ. एकांडा नर असतो, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय बघून जवळ जावंसं वाटतं. गाडीतून उतरू नका.

माझं ऐक, पाच ठिकाणं नकोत. दोन रात्री दाजीपूर, एक आंबोली. राधानगरीवरून मुदाळतिट्टा, गारगोटी, आजरा असं जायचं. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाला जा, पण कुंडात पाय घालू नका. तिथं सापडलेल्या माशाला 2020 साली हिरण्यकेशी नाव दिलं आणि 2021 मध्ये ती जागा जैविक वारसा म्हणून जाहीर झाली. बोटाएवढा मासा, जगात दुसरीकडं ठाऊक नाही.

दोडामार्गकर
तिलारीला येणार असाल तर: आमच्या तालुक्यात 2016 पासून माकडताप आहे, गोचिडीतून होतो. उन्हाळ्याकडं जास्त, तरी पालापाचोळ्यात बसू नका, पायात पूर्ण पँट, घरी आल्यावर अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

सायली_कळंबा
तिलारी आणि चांदोली कटाप. नवऱ्याचं तोंड बारीक झालंय, तंबू त्यानंच घेतलाय. मावशी, घरीच ठेवू का?

मंगळवारपेठ_मावशी
आण की! अंगणात लागतोच. खाली ताडपत्री घाल, चेन थोडी उघडी ठेव. आणि भडंग दोन पिशव्या घे, ह्यांनी आमचं राधानगरी यायच्या आधीच संपवलं.